मोजताना एक जास्त

लोपीस सरांना मोजता येत नाही, ही त्यांच्याबद्दल मला कळलेली पहिली गोष्ट. आमच्या जीवशास्त्र विभागात माणसं चार. विभागप्रमुख इनास लोपीस सर, वनस्पतिशास्त्राच्या पाटणकर मॅडम, प्राणिशास्त्राचे म्हात्रे सर आणि नुकतीच लागलेली मी. पण चहा सांगताना सर पाच सांगत. परीक्षेच्या कामाला किती जण आहेत असं ऑफिसने विचारलं की पाच कळवत. सहलीच्या बसमध्ये शिक्षकांसाठी पाच जागा धरत आणि पाचवीवर कोणी बसू नये म्हणून आपली काळी छत्री आडवी ठेवत. झुरळाच्या पायांवरचे केस मोजून ज्याने प्रबंध लिहिला, तो माणूस चार माणसं मोजताना चुकायचा.

मी साताऱ्याकडची. आमच्यात चूक दिसली की तोंडावर सांगतात. पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, "सर, आपण चारच आहोत."

"शिंदे मॅडम," सर शांतपणे म्हणाले, "माणसं मोजताना नेहमी एक जास्त धरावं."

"आणि तो एक आलाच नाही तर?"

"येतील, येतील," सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

ते 'येतील' ऐकून मी जरा चरकले. कुणातरी ओळखीच्या, मानाच्या माणसाबद्दल बोलावं तसं ते बोलले होते.

आमचं कॉलेज वसईत, मी राहायला विरारला. विभाग तळमजल्यावर अगदी टोकाला. एका बाजूला प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला फॉर्मॅलिनच्या बरण्यांची खोली आणि मध्ये आमची बसायची जागा. तिथे चौघांच्या चार खुर्च्या आणि खिडकीजवळ पाचवी. तिच्यावर निळी गादी. मी नकळत एकदा तिच्यावर टेकायला गेले, तर आमचे शिपाई बस्त्यावकाका हातातला ट्रे तसाच ठेवून धावत आले.

"मॅडम, तिथे नका बसू. कोनाची तरी हाय ती."

"कोणाची?"

"पी. एम. मॅडमची. त्या हायेत. दिसत नाय, इतकंच."

मी उठता उठता गादीला हात लावला. गादी कोमट होती. पाचव्या कपातला चहा आम्ही तासावरून परत येईपर्यंत संपलेला असायचा, हेही मी तेव्हापासून बघायला लागले.

भिंतीवर विभागाचे दरवर्षीचे ग्रुप फोटो ओळीने लावलेले होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी ते सहज बघत गेले आणि घास हातातच राहिला. प्रत्येक फोटोत सर मध्यभागी, आणि त्यांच्या उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा. बाकीची माणसं बदलत गेली होती. पाटणकर मॅडमचे केस फोटोगणिक पांढरे होत गेले होते. ती जागा मात्र होती तेवढीच होती.

आणि वेळापत्रक! कॉलेजात प्रत्येकाच्या तासापुढे नावाची दोन अक्षरं लिहितात. सरांची आय. एल., माझी व्ही. एस. आमच्या तक्त्यावर डी बॅचच्या प्रात्यक्षिकापुढे हिरव्या शाईत लिहिलेलं असे पी. एम. त्या वेळी प्रयोगशाळेत सरच उभे राहत. पण मुलांची जर्नल्स तपासून यायची ती हिरव्या शाईत, गोल, मोठ्या, ठसठशीत अक्षरात. सरांचं अक्षर म्हणजे शाईत बुडालेलं झुरळ कागदावरून चालत गेल्यासारखं. ते अक्षर त्यांचं नव्हतं, एवढं मी पैजेवर सांगितलं असतं. डी बॅचची मुलं म्हणत, "आम्ही पी. एम. मॅडमना कधी पाहिलं नाही. पण त्यांना आमचं सगळं माहीत असतं."

मला वाटलं, पोरं काहीही बोलतात. मग माझं पहिलं प्रात्यक्षिक आलं.

बस्त्यावकाकांनी बाजारातून मुशी आणल्या होत्या. मुशी म्हणजे छोटा शार्क. त्याच्या डोक्यातल्या दहा नसा न तोडता उघड्या करायच्या, हे काम भल्याभल्यांचा घाम काढतं. मी रात्रभर घोकंपट्टी करून गेले, तर फळ्यावर हिरव्या खडूने सगळी आकृती आधीच काढलेली. पहिल्या पाच नसांना नावं दिलेली. खाली त्याच गोल अक्षरात: 'पुढच्या पाच तुम्ही. पी. एम.'

माझ्या खणात एक चिठ्ठीही होती. 'तिसऱ्या टेबलावरच्या मुलीला वासाने घेरी येते. तिला खिडकीपाशी उभी करा.' असल्या भानगडींवर माझा विश्वास नाही, म्हणून मी मुद्दाम तिला होती तिथेच ठेवलं. वीस मिनिटांत पोरगी आडवी. पाणी मारून मी तिला शुद्धीवर आणलं आणि खिडकीपाशी नेऊन बसवलं.

पुढे चिठ्ठ्या येतच राहिल्या, सगळ्यांच्याच खणांत. 'आज गॅस संपेल, स्पिरिटचे दिवे भरून ठेवा.' गॅस संपला. 'उद्या मागच्या बाकावर बेडूक सुटेल.' सुटला. आणि एका गुरुवारी: 'आज तुम्ही न खाता आलात. डाव्या खणात सुकेळी आहेत.'

मी खरंच न खाता आले होते. विभागात अजून कोणी आलेलंही नव्हतं. खण उघडला. वसईची वाळवलेली केळी, पानात नीट गुंडाळून बांधलेली. मी मागे वळून पाहिलं. खिडकीजवळची खुर्ची माझ्याकडे तोंड करून होती. मी सुकेळी खाल्ली. घाबरलं म्हणून भूक थांबत नाही.

मी विज्ञानाची बाई, भुतांवर समाधान मानणार नव्हते. विचार करकरून मी ठरवलं की हे सगळं पाटणकर मॅडमचं काम. सकाळी सगळ्यांत आधी त्याच येत आणि कोण उपाशी आलंय हे बाईलाच कळतं. तोवर माझं त्यांच्याशी पटत नव्हतं. चांगले सूक्ष्मदर्शक त्या आपल्या कपाटात दागिन्यांसारखे कुलपात ठेवत. पण आता मी त्यांच्यासाठी डब्यात अळूवड्या न्यायला लागले. त्यांचा संशय कोणावर होता, ते मला फार नंतर कळलं. तो दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा आणि सध्या म्हात्र्यांवर होता. म्हणून त्यांनी प्राणिशास्त्राला आपलं कपाट उघडून दिलं. म्हात्र्यांना वाटे की हे बस्त्यावकाकांचं डोकं. ते काकांना 'बस्त्यावभाऊ' म्हणत आणि संध्याकाळी स्कूटरवर मागे बसवून घरी सोडत. चिठ्ठी लिहिणारा उघड करायचा नाही, पण त्याच्याशी गोडीनं राहायचं, असं प्रत्येकाने आपापलं ठरवलेलं. दुसऱ्या विभागांत खडूच्या तुकड्यावरून अबोले चालायचे. आमच्याकडे एकाच्या घरी आजारपण आलं की बाकीचे न सांगता त्याचे तास वाटून घ्यायचे.

सरांना विचारलं तर एकच उत्तर, "येतील, येतील."

दुसऱ्या वर्षी विद्यापीठाची समिती यायची ठरली. माझ्या नेमणुकीची मान्यता त्यांच्या अहवालावर अवलंबून होती, आणि वेळापत्रक टंकून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. जगात नसलेली शिक्षिका वेळापत्रकात दाखवली, असं त्यांनी लिहिलं असतं तर? मी फार विचार केला नाही. डी बॅच नाहीतरी सरच घेत. मी पी. एम. काढलं आणि तिथे आय. एल. घातलं. तक्ता स्वच्छ दिसायला लागला. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

सकाळी सर तक्त्यापुढे उभे राहिले. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. डी बॅचवर बोट थांबलं. 

"चार झाले," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चहा चारच सांगितला. बस्त्यावकाका माझ्याकडे असे बघून गेले, की जणू मी त्यांच्या घरातलं कोणी मारलंय.

सोमवारी फळा कोरा होता. खणात चिठ्ठी नव्हती. मंगळवारी भर प्रात्यक्षिकात गॅस गेला आणि दिवे कोरडे. बुधवारी तडकलेल्या काचपट्टीने पाटणकर मॅडमचं बोट कापलं. म्हात्र्यांनीच ती तशी ठेवली म्हणून दोघांचं वाजलं आणि कपाटाला पुन्हा कुलूप लागलं. डी बॅचची जर्नल्स सरांच्या टेबलावर न तपासता पडून होती. चौघंच्या चौघं हजर असूनही ती खोली कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी वाटायची.

गुरुवारी मी मुशीची आकृती काढत होते. नऊ नसा झाल्या. दहावी काढायला हात वर नेला आणि तिथेच थांबला. डोक्यात काहीच नव्हतं. मागे कोणीतरी हसलं. दुसरं हसलं. खडू फळ्याला टेकलेला, आणि मला मान वळवता येईना. आपल्या जागी दुसरंच कोणीतरी इथे उभं आहे आणि ते खूप वर्षांपासून उभं आहे, असं काहीतरी वाटलं.

मग दार वाजलं. सर आत आले. माझ्या हातातला खडू त्यांनी हळूच घेतला आणि माझी रेघ जिथे थांबली होती तिथून पुढे नेली. मुलांना म्हणाले, "ही नस सगळ्यांनाच चकवते. मलाही."

तास संपल्यावर मी म्हणाले, "सर, तुम्ही तुमचं लेक्चर सोडून आलात?"

"नाही. माझा तास रिकामा होता." एवढं बोलून ते हातावरची खडूची पूड झटकत राहिले. मग म्हणाले, "रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चपाशी या, शिंदे मॅडम. नाव तुम्ही काढलंत. आता तुम्हीच त्यांना सांगा. मला ते जमत नाहीये."

"कोणाला सांगू?"

"पी. एम. ना."

भीती वाटली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तरी मी गेले. नवं वेळापत्रक घडी करून पर्समध्ये घेतलं होतं.

सर सायकल हातात धरून चर्चच्या फाटकाशी उभे होते. आम्ही चालायला लागलो. दिवसाउजेडी, पण केळीच्या वाड्यांत शिरल्यावर उजेड हिरवा आणि ओलसर झाला. कुठेतरी विहिरीवरचा रहाट करकरत होता, माणूस मात्र दिसत नव्हता. वाट रुंद होती तरी सर कडेने चालत. त्यांच्या उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती, आणि माझे पाय काही केल्या त्या जागेत पडेनात.

वाट दफनभूमीकडे वळली. पांढरे क्रूस दिसायला लागले. आता इथेच थांबणार, असं मी मनाशी धरलं. कोणत्या दगडापुढे उभं राहून मी काय बोलणार होते, देव जाणे.

सर थांबले नाहीत. भिंतीच्या कडेने पुढे गेले.

"फिलोमिना मच्याडो," ते चालता चालता म्हणाले. "आमच्याच गावची. युनिव्हर्सिटीत पहिली आलेली. लागली तेव्हा विभागात आम्ही पाच झालो. त्यातला आता मी एकटाच उरलोय. पहिलं प्रात्यक्षिक डी बॅचचं, मुशीचं. साठ मुलं. शिपाई रजेवर. कोणी काही सांगितलं नव्हतं तिला, गॅस कुठे, पिना कुठे. आम्हीही असेच शिकलो होतो, म्हटलं तीही शिकेल. मी दारावरून जात होतो. बघितलं, तिचा हात फळ्यावर थांबला होता. मुलं ओरडत होती. माझा तास रिकामा होता, मॅडम."

"मग?"

"मी चहा प्यायला गेलो."

सायकलचं चाक बराच वेळ नुसतं टिकटिकत राहिलं.

"चहा पिऊन आलो. मुलं निघून गेली होती. ती तशीच उभी. फळ्याकडे तोंड, हात वर. घरी आणून सोडली. त्यानंतर ती वाडीच्या फाटकाबाहेर आलेली नाही. त्या वर्षीच्या तक्त्यात डी बॅच तिची होती. ती मी काढली नाही."

घर आलं. फिलोमिना मॅडमच्या भावाचं, मागच्या बाजूला त्यांची स्वतंत्र खोली. सर विहिरीवर पाय धुवायला म्हणून गेले ते तिथेच राहिले. मी दारात उभी राहिले.

भिंतीला पाठ घट्ट टेकवून, दाराकडे तोंड करून एक बाई टेबलाशी बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, जाड चष्मा. हातात हिरवं पेन. मागच्या भिंतीवर आमची सगळी वेळापत्रकं चिकटवलेली. आणि आमचे सगळे फोटो.

"शिंदे मॅडम ना?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी स्वच्छ, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. "डावखुऱ्या. तुम्ही पिना उलट्या बाजूने लावता, मुलांचा गोंधळ होतो. चिठ्ठी लिहून ठेवलीय कधीची, इनास या आठवड्यात नेतच नाही. बसा. ती तिसऱ्या टेबलावरची पोर?"

"पास झाली, मॅडम."

"घेरी?"

"खिडकीपाशी उभी केली की नाही येत."

"बघा, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मॅडम, मी गुरुवारी न खाता येते हे तुम्हाला..."

"तुमच्या विरारला गुरुवारी सकाळी टँकर येतो, असं तुम्हीच म्हात्र्यांपाशी कुरकुरलात. टँकरच्या दिवशी बाई खाऊन कशी निघेल?" त्यांनी फोटोंकडे मान वळवली. "इनास दर रविवारी सगळं सांगतो. एकेक माणूस, एकेक मूल, गॅस किती उरला, बेडूक कोण सोडतं. मग आम्ही दोघं आठवडा आखतो. आकृती मी कागदावर काढून देते, तो आदल्या संध्याकाळी ती फळ्यावर उतरवतो आणि चिठ्ठ्या खणांत ठेवतो. माझ्यासारखं अक्षर काढायला शिकलाय फळ्यापुरतं, कागदावर नाही जमत त्याला. कोणी एकटं पडायला नको, एवढंच बघायचं असतं. आणि फोटोत तो सरकून उभा राहतो तेवढं मात्र सांगा त्याला. वेडं दिसतं."

त्यांनी हिरव्या पेनाचं टोपण काढलं.

"नवं वेळापत्रक झालं म्हणतात. आणलंत? माझी डी बॅच कुठल्या वारी?"

पर्समधली घडी मला मांडीवर जड लागत होती. विहिरीवरचं पाणी ओतण्याचा आवाज थांबला. इतकी वर्षं त्या एका चौकटीत राहत होत्या, आणि ती चौकट मी स्वच्छ दिसावी म्हणून पुसली होती. मला माझी भयंकर लाज वाटली.

"अजून पक्कं व्हायचंय, मॅडम," मी म्हणाले. "तेच विचारायला आले. कुठल्या वारी ठेवू?"

"मंगळवार," त्या लगेच म्हणाल्या. "सोमवारी मुलं झोपेत असतात."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी कॉलेजात पोचले. खिडकीजवळच्या खुर्चीत बस्त्यावकाका निळ्या गादीवर घोरत होते. मला बघून दचकून उठले. "राखन करतो, मॅडम," म्हणाले. पाचवा चहा इतकी वर्षं कोण प्यायचं ते मी विचारलं नाही. तक्ता उतरवला, मंगळवारच्या चौकटीत हिरव्या शाईने पी. एम. लिहिलं आणि प्रयोगशाळेच्या खणात राहिलेल्या तडकलेल्या काचपट्ट्या पाटणकर मॅडम यायच्या आत फेकून दिल्या.

समिती आली. अध्यक्ष बारकाईने बघणारे निघाले. तक्त्यापुढे उभे राहून म्हणाले, "हे पी. एम. कोण?"

सर चष्मा पुसायला लागले. मान्यता गेली, असं मी धरूनच चालले.

"रजेवर आहेत," म्हात्रे एकदम म्हणाले.

"येतील, येतील," पाटणकर मॅडम म्हणाल्या, त्याच क्षणी, आठवडाभराचा अबोला विसरून. त्या म्हात्र्यांना वाचवत होत्या आणि म्हात्रे बस्त्यावकाकांना. आयुष्यात खोटं न बोललेल्या पाटणकर मॅडमचे कान लाल झाले होते. अध्यक्षांनी आमच्या चारही तोंडांकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या विभागाकडे गेले. माझी मान्यता पुढे रीतसर आली.

त्या रविवारी सरांनी मला बोलावलं नव्हतं. मी आपली गेले. या वेळी वाटेवर सरांच्या उजव्या हाताला चालले, त्यांनी काही म्हटलं नाही.

फिलोमिना मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या. समितीचं सगळं विचारून झालं, डी बॅचची जर्नल्स ताब्यात घेऊन झाली. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही विचारलं का त्यांनी?"

"विचारलं, मॅडम."

"मग?"

"येतील, म्हणून सांगितलं सगळ्यांनी."

दारात उभे असलेले सर अंगणाकडे तोंड करून वळले. मॅडमनी विचारलं, "कधी, ते नाही ना सांगितलं?"

"नाही."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. पेनाचं टोपण काढलं आणि पहिलं जर्नल उघडलं.